बेसा कागदावर बसेना

बेसा गाव आपल्या जागेवर होतं, हे कोणीही सांगितलं असतं. मारुतीचं देऊळ, देवळासमोर विहीर, विहिरीच्या पल्याड पिंपळ आणि मागे कौलारू घरांच्या तीन आळ्या. पण चौऱ्याहत्तर सालच्या एप्रिलात मुकुंदच्या कागदावर हेच गाव रोज ऊन चढलं की थोडं थोडं सरकायचं, आणि ते का सरकतं हे काही केल्या त्याला उमगत नव्हतं.

मुकुंद मोजणी खात्यात भूकरमापक होता. वय सव्वीस, राहणार शहरातल्या महाल भागात, घरात तीन पिढ्यांची कारकुनी. त्यानेही चार वर्षं नक्कल विभागात बसून दुसऱ्यांनी मोजलेल्या गावांचे नकाशे ट्रेसिंग कापडावर गिरवले होते. ज्या नदीत कधी पाय बुडवला नाही तिची वळणं काढायची, ज्या आमराईत कधी बसलो नाही तिची झाडं टिंबांनी भरायची. दिवाळीनंतर त्याला एकदाचं मैदानावर पाठवलं, तेही परीक्षेपुरतं, आणि मुकुंदला उन्हातान्हाचं हे काम इतकं आवडलं की रविवारची सुट्टी त्याला लांब वाटू लागली. मात्र त्याने केलेल्या पहिल्या दोन्ही गावांचे नकाशे जुळले नाहीत. निरीक्षक मार्तंडराव साहेबांनी दुसऱ्या गावाच्या कागदावर लाल शाईने लिहिलं होतं, ‘तिसरे गाव न जुळल्यास नक्कल विभागात परत.’ खाली आणखी एक ओळ होती, ‘नाचता येईना अंगण वाकडे.’ बेसा हे तिसरं गाव होतं आणि साहेब पुढच्या सोमवारी तपासणीला येणार होते.

मुकुंदबरोबर चंपतराव होते. खात्यात त्यांना खलाशी म्हणत, म्हणजे सामान वाहायचं, काठ्या रोवायच्या आणि साहेबाला ऊन लागू द्यायचं नाही. सावनेरकडचा माणूस, तीस वर्षांची नोकरी, जूनमध्ये निवृत्ती. खात्याची पांढरी छत्री, बांबूच्या दांड्याची आणि वेताच्या काड्यांची, पहिल्याच गावी एका वावटळीत मोडली होती. नव्या छत्रीसाठी केलेला अर्ज कोणत्या टेबलावर झोपला होता देव जाणे. तेव्हापासून चंपतराव स्वतःची छत्री आणत. काळंभोर कापड, चकचकीत पोलादी दांडा, वळणदार मूठ. कोळशाच्या खाणीत नोकरीला असलेल्या जावयाने ती सासऱ्याला दिली होती.

“माह्या वच्छलेच्या नवऱ्यानं देल्ली,” चंपतराव ज्याला त्याला सांगत. “दिवाळीले. म्या मागतली नव्हती.”

ते दिवसभर ती मुकुंदच्या डोक्यावर आणि कागदावर धरून उभे राहायचे. स्वतः मात्र उन्हात. मुकुंदने दोनदा सांगून पाहिलं, की थोडे आत या. त्यांनी ऐकलं नाही.

सोमवारी सकाळी साडेसहाला त्यांनी देवळासमोर टेबल मांडलं. शेजारच्या ओट्यावर प्रयागबाई गहू निवडत बसल्या होत्या. सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या, आणि गावात काय चाललंय यावर आपला हक्क आहे असं समजणाऱ्या. तिपाईवर चौकोनी फळी चढलेली पाहून त्या सूप घेऊनच खाली उतरल्या.

“काहून गा बाबू, पाट इतका उंच मांडला? उभ्यानं जेवा लागते का?”

“गाव बसवायचंय आजी याच्यावर,” मुकुंद म्हणाला. त्याने फळीवर कागद ताणून लावला, पाणसळ ठेवून तिचा बुडबुडा मध्ये आणला, फळीखालून ओळंबा सोडून तो खालच्या खुंटीच्या डोक्यावर टेकवला. मग पितळी दर्शकपट्टी कागदावर ठेवली. पट्टीच्या दोन्ही टोकांना दोन उभी पानं, एकात बारीक फट, दुसऱ्यात ताणलेला केस. “या फटीतून बघायचं. समोरच्या केसावर तुमच्या घराचा कोपरा आला, की पट्टीच्या काठाने रेघ मारायची. मग पुढच्या खुंटीवर टेबल न्यायचं, तिथूनही तोच कोपरा बघायचा आणि रेघ मारायची. दोन रेघा जिथे एकमेकींना कापतील तिथे तुमचा कोपरा.”

“घरात पाय न टाकता?”

“पाय न टाकता. आकडे लिहून नेऊन घरी जुळवायची भानगड नाही. समोर गाव, इथे कागद. इथल्या इथे.”

प्रयागबाईंनी फटीतून आपलं घर पाहून घेतलं. ते अजून तिथेच आहे अशी खात्री पटल्यावर त्यांनी विचारलं, “अन् तिकडे नेल्यावर पाटाचं तोंड फिरलं त?”

मुकुंद हसला. प्रशिक्षणाच्या वर्गात हा प्रश्न एकानेही विचारला नव्हता. “तोच तर खरा मुद्दा आहे आजी. टेबलाची जागा बदलते, तोंड बदलायचं नाही. पहिल्या खुंटीवर त्याचं तोंड जिकडे होतं तिकडेच शेवटच्या खुंटीवर पाहिजे. ते फिरलं की गाव फिरलं.”

तोंड न फिरू देण्याच्या दोन रीती होत्या. एक, नव्या खुंटीवरून मागच्या खुंटीवरची काठी बघायची आणि जुनी रेघ त्या काठीशी जुळेपर्यंत टेबल फिरवायचं. त्याला वेळ लागतो आणि मागे काठी धरायला माणूस लागतो. दुसरी रीत सोपी. पितळेच्या लांबट डबीतला कंपास कागदाच्या काठाशी ठेवायचा, आतली सुई मधल्या खुणेवर आली की टेबल लागलं. मुकुंदचा दुसरा खलाशी रजेवर होता आणि चंपतरावांचे हात छत्रीत गुंतलेले. त्यामुळे मुकुंद गेले तीन महिने कंपासच वापरत होता.

गावाला बाहेरून वेढा घालणाऱ्या अकरा खुंट्या होत्या. पहिल्या खुंटीपासून निघून, सगळं गाव फिरून, पुन्हा पहिल्या खुंटीवर यायचं. पायांनी माणूस येतोच. कागदावरही शेवटची रेघ पहिल्या टिंबावर आली पाहिजे, म्हणजे नकाशा बंद झाला. सोमवारी संध्याकाळी मुकुंदची रेघ टिंबापासून बोटभर लांब संपली.

मंगळवारी त्याने नवा कागद लावून सगळं पुन्हा केलं. पहिल्या चार खुंट्या कालच्या कागदावरच्या खुंट्यांशी केसाइतकाही फरक न पडता जुळल्या. पाचवीपासून ऊन चढलं आणि फरक पडू लागला. या खेपेला रेघ टिंबाच्या दुसऱ्या बाजूला दीड बोट गेली.

संध्याकाळपर्यंत गावाने या दुखण्यावर औषधं सुचवायला सुरुवात केली होती. एक म्हणाला, टेबलाचे पाय उन्हाने फुगतात. दुसरा म्हणाला, हे मोजणीवाले साहेब दुपारी भाकरीबरोबर कांदा खातात, कांद्याने डोळ्यावर झापड येते. मुकुंदने बुधवारी कांदा सोडायचंही मनात ठरवलं, इतका तो टेकीला आला होता.

प्रयागबाईंचं निदान मात्र ठाम होतं. “गावाचं माप घेऊन राहिले, अन् गावच्या देवाले विचारलं का? मारुतीले नारळ फोड बाबू.”

“फोडून टाका साहेब,” चंपतराव म्हणाले. “आपलं काय जाते?”

बुधवारी सकाळी नारळ फुटला. त्याच दिवशी आकाशात ढग आले आणि संध्याकाळपर्यंत हटले नाहीत. जावयाची छत्री प्रयागबाईंच्या ओट्यावर भिंतीला टेकून दिवसभर मिटलेली राहिली. साडेपाच वाजता मुकुंदने अकराव्या खुंटीवरून शेवटची रेघ मारली, आणि ती सुईच्या टोकाने टोचल्यासारखी पहिल्या टिंबावर जाऊन बसली. त्याने पेन्सिल खाली ठेवली. त्याला खूप बरं वाटलं. खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकत प्रयागबाई म्हणाल्या, “पाह्यलं?”

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, की कावळ्याचं वजन वाढतं. त्या संध्याकाळी बेशातल्या मारुतीचंही वाढलं.

गुरुवारी गावाच्या आतलं काम सुरू झालं, आळ्या, घरं, अंगणं. आकाश धुतल्यासारखं स्वच्छ होतं. नऊ वाजता छत्री उघडली. बारा वाजेस्तोवर कागदावर प्रयागबाईंचं अंगण शेजारच्या गोठ्यात शिरलं आणि मारुती थेट विहिरीत पडला.

“नारळ बाहेरच्यापुरता होता,” प्रयागबाईंनी सांगितलं. “आतला येगळा लागते.”

मुकुंदला हसू आलं नाही. त्याला नक्कल विभागाची ती लांब खोली दिसू लागली, कापडाच्या खळीचा वास, खिडकीला पाठ करून बसलेली माणसं. जेवणानंतर तो मधल्या आळीच्या तोंडाशी टेबल लावून, सुई खुणेवर आणून, पट्टी ठेवणार तोच एक शेळी तिपाईच्या पायाशी अंग घासायला आली. चंपतराव छत्रीसकट तिला हाकलायला दहा पावलं गेले. मुकुंदची नजर डबीवर होती. सुई खुणेवरून सरकली आणि बाजूला जाऊन थांबली. चंपतराव परत आले, त्यांनी छत्री नेहमीच्या जागी, डबीच्या बरोबर वर धरली. सुई परत खुणेवर आली.

मुकुंद टेबलाला हातही न लावता उभा राहिला.

“चंपतराव,” तो सावकाश म्हणाला, “जरा तांब्याभर पाणी आणता?”

चंपतराव उन्हाचे म्हणून छत्री घेऊनच गेले. सुई सरकली. ते पाणी घेऊन आले, सुई परत आली. मुकुंदने तांब्या खुंटीपाशी ठेवला आणि थोड्या वेळाने पुन्हा पाणी मागितलं. मग आणखी एकदा. तिन्ही वेळा सुईने तेच केलं.

“आज तहान लय लागून राहिली साहेब,” चंपतराव म्हणाले. “ऊनही तसंच हाय.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं म्हणतात. मुकुंदने तर तीन गावांना वळसे घातले होते. छत्रीचा पोलादी दांडा आणि पोलादी काड्या सुईला आपल्याकडे ओढत होत्या. चंपतराव कधी डाव्या हाताने छत्री धरायचे, कधी उजव्या, आणि दर खुंटीवर टेबलाचं तोंड त्यांच्या हाताप्रमाणे फिरायचं. सकाळी छत्री नसायची तेव्हा गाव बसायचं. ढगांच्या दिवशी गाव बसलं. मुकुंदला मोठ्याने हसावंसं वाटलं. नाचणाऱ्याला नाचता येत होतं, अंगणच वाकडं होतं. त्याने वर पाहिलं आणि ‘चंपतराव’ म्हणायला तोंड उघडलं.

समोर तो माणूस हात ताणून उभा होता. मानेवरून घाम ओघळत होता, सदरा पाठीला चिकटला होता. सावली सगळी मुकुंदवर होती. याला काय सांगायचं? की तुम्ही तीन महिने उन्हात उभं राहून माझी दोन गावं बुडवलीत? जावयाच्या छत्रीने? जूनमध्ये हा माणूस घरी जाईल, आणि तीस वर्षांच्या नोकरीतलं एवढंच बरोबर नेईल. मुकुंदला ते सांगवेना. त्याने डबी बंद करून पेटीत ठेवली.

“कंपास बिघडलाय चंपतराव. सुई अडकते. आता मागची काठी बघून टेबल लावू.”

“काठी धरन कोन? अन् छत्री?”

“छत्री असू द्या. काठी उभी राहील अशी काहीतरी सोय बघतो.”

आळीतली जमीन दगडासारखी कडक होती, काठी रोवली जाईना. प्रयागबाईंनी तेलाचा रिकामा पिपा दिला. त्यात माती ठासून काठी उभी केली, पिपा मागच्या खुंटीवर ठेवला. आता दर खुंटीवर आधी पिपा उचलून आणायचा, मग मागे बघून जुनी रेघ काठीशी जुळवायची, मग पुढचं काम. जिथे आधी दोन मिनिटं लागायची तिथे पंधरा लागू लागली. पण शुक्रवारी दुपारी, भर उन्हात, उघड्या छत्रीखाली मधली आळी बंद झाली. शनिवारी उरलेल्या दोन. मारुती विहिरीतून निघून देवळात बसला. प्रयागबाईंचं अंगण गोठ्यातून बाहेर आलं आणि काटकोनात उभं राहिलं. त्यांनी मान वाकडी करून ते नीट पाहिलं आणि आतला नारळ न फोडताच काम झालं याचं थोडं वाईट वाटून घेतलं.

शनिवारी संध्याकाळी सामान नेहमीसारखं प्रयागबाईंच्या ओसरीत ठेवलं. चंपतरावांनी छत्री मात्र ठेवली नाही. ती हातात आडवी धरून ते दांड्याकडे बघत होते. मग काखेत मारून ते बसकडे चालू लागले.

रविवारचा दिवस मुकुंदला सुखाचा गेला नाही. नकाशाची काळजी मिटली होती, दुसरीच लागली होती. मार्तंडराव साहेब तपासणीच्या वेळी स्वतः टेबल लावतात आणि कंपास मागतात, हे त्याला आत्ता आठवलं होतं. साहेब कंपास ठेवणार, चंपतराव वर छत्री धरणार, साहेबांच्या एका नजरेत सगळं येणार. आणि साहेबांची जीभ लाल शाईपेक्षाही झोंबणारी होती. सगळ्या गावासमोर ते चंपतरावांना काय म्हणतील, हे ऐकायची मुकुंदची तयारी नव्हती.

सोमवारी दहाला साहेबांची जीप आली. साहेब ठेंगणे, जाड चष्म्याचे, बोलण्यात हिशेबी. त्यांनी नकाशा वरपासून खालपर्यंत पाहिला. मग प्रयागबाईंच्या घरामागे एक मोकळी जागा स्वतः निवडली, जिथे मुकुंदची खुंटी नव्हती.

“इथे टेबल लावा. आपण नकाशावर नेमके कुठे उभे आहोत, ते मला माहीत नाही, तुम्हालाही नाही. गावालाच विचारू. कंपास कुठे आहे?”

“पेटीत, साहेब. सुई जरा अडकते.”

“बघू.”

साहेबांनी डबी काढून कागदाच्या काठाशी ठेवली. ऊन कागदावर रखरखत होतं. “अहो, छत्री धरा,” ते म्हणाले. मुकुंदने डोळे मिटले. मागे छत्री उघडल्याचा आवाज झाला, पण तो नेहमीचा खट्कन आवाज नव्हता. काहीतरी करकरलं.

त्याने वळून पाहिलं. कापड तेच काळंभोर होतं. मूठ तीच वळणदार. मधला दांडा मात्र बांबूचा होता, वर सुतळीने आवळलेला, आणि काड्या वेताच्या. एक बाजू थोडी खाली झुकली होती. चंपतराव ती साहेबांच्या डोक्यावर धरून समोर पिंपळाकडे बघत होते.

सुई दोनदा थरथरली आणि खुणेवर स्थिर झाली. साहेबांनी पट्टी कागदावरच्या देवळाच्या टिंबाला लावली, खऱ्या कळसाकडे रोखली आणि आपल्या दिशेने रेघ ओढली. मग विहिरीच्या रहाटाकडून एक. मग पिंपळाकडून एक. तीन रेघा एका बिंदूत मिळाल्या तर नकाशा खरा. त्यांचा त्रिकोण झाला तर कुठेतरी खोट आहे. साहेबांनी चष्मा वर करून, नाक कागदाला लागेल इतकं वाकून पाहिलं. तिन्ही रेघा प्रयागबाईंच्या घरामागे, अगदी त्यांच्या शेणीच्या ढिगाशेजारी, एका टिंबात मिळाल्या होत्या. साहेब त्या ढिगाशेजारीच उभे होते.

“बसलं,” ते म्हणाले. नकाशाच्या कोपऱ्यात त्यांनी सही केली, निळ्या शाईने. “ती दोन गावंही आता अशीच पुन्हा करून द्या. नक्कलवाल्यांना दुसरा माणूस बघायला सांगतो.” मग त्यांनी डबीवर टिचकी मारली. “कंपास तर उत्तम चालतो आहे. काय झालं होतं याला?”

मुकुंदने डबी उचलून बंद केली.

“बिघाड होता साहेब,” मागून चंपतराव म्हणाले. “काल दुरुस्त केला.”

साहेबांनी एकदा छत्रीकडे पाहिलं, सुतळीच्या आवळ्याकडे पाहिलं. “बरं केलंत,” एवढंच म्हणून ते जीपकडे गेले.

जीपची धूळ बसली. मुकुंद पेटी भरत होता. शेवटी त्याने विचारलं, “काड्या कोणी घालून दिल्या?”

“बुरडानं. कापड माह्या वच्छलेनं टाचलं.”

“आणि जावई? त्यांना काय सांगितलं?”

“सांगतलं, पोलादाची जड होते, हात दुखते,” चंपतराव म्हणाले. “तो म्हने, मामाजी, आधीच काहून नाही बोलले?”

“तुम्हाला कसं कळलं, चंपतराव?”

चंपतरावांनी छत्री मिटली. वेताच्या काड्या नीट मिटेनात, त्यांनी त्या एकेक करून हाताने दाबल्या.

“तीस वर्षं टेबल वाह्यलं साहेब, सुई पाहा लागते हे मले माहीत हाय. पन त्या दिवशी सुईकडे माहं ध्यान नव्हतं. तुम्ही तीनदा पानी आनवलं,” ते म्हणाले. “तिन्ही तांबे तसेच भरलेले राह्यले. मंग म्या इचार केला, ह्या मानसाले तहान नव्हती, त मले काहून पाठवून राह्यला? म्या गेलो का छत्री जाते.”

प्रयागबाईंच्या ओट्यावर पाण्याने भरलेला तांब्या होता. चंपतराव तो घेऊन आले आणि मुकुंदसमोर धरला.

“हे तरी प्या.”

मुकुंदने तांब्या दोन्ही हातांनी घेतला आणि तो रिकामा होईपर्यंत खाली केला नाही.